स्नेहसेतूचा नववा नियम

नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडाच्या ठोक दुकानांमागे, एका घराच्या वरच्या खोलीत यमुताई बक्षी एकट्याच राहत. मुलींच्या शाळेत त्यांना भूगोल शिकवायला लागून बावीस वर्षं झाली होती. सहारा वाळवंटावर त्या तासभर बोलत. स्वतःविषयी बोलायची वेळ मात्र त्यांच्यावर कोणी आणली नव्हती. ती १९७६ साली शाळेत शिवण शिकवणाऱ्या प्रेमलताबाईंनी आणली.

मधल्या सुट्टीत प्रेमलताबाईंनी यमुताईंच्या डब्याशेजारी एक छापील अर्ज ठेवला. ‘स्नेहसेतू पत्रमैत्री मंडळ, वर्धा.’ सभासद झालं की आपलं नाव, वय, छंद आणि फोटो परिचय-पुस्तिकेत येणार आणि साऱ्या विदर्भातून पत्रं सुरू होणार.

“मला वर्षात एकोणसाठ मित्र झाले,” प्रेमलताबाई म्हणाल्या.

“काय करतात ते?”

“म्हणजे? पत्रं लिहितात.”

पाच नवे सभासद आणणाऱ्याचं नाव पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापत. प्रेमलताबाईंचे चार झाले होते, आणि त्यातली एक म्हणजे त्यांची सासू, जिला सहीसुद्धा येत नव्हती. यमुताई “बघते” म्हणाल्या आणि अर्जासोबत प्रेमलताबाईंची पुस्तिका रविवारसाठी घरी घेऊन आल्या.

पुस्तिकेत तीनशे बारा माणसं होती. बहुतेक सगळ्यांचे छंद वाचन, प्रवास आणि निसर्ग. फोटोत बहुतेकांनी गालाला हात लावलेला, जणू साऱ्या विदर्भाची एकदमच दाढ दुखत होती. मंडळाचे चिटणीस एकटेच तीन पानांवर होते. यमुताईंनी अर्ज काढला आणि छंदाच्या रकान्यापाशी अडकल्या. त्यांना रिकाम्या वेळात नकाशांतल्या चुका शोधायला आवडे. त्यांनी ‘चुका काढणे’ असं लिहिलं, वाचलं आणि खोडलं.

सोमवारी त्यांनी पोस्टमन नत्थूजींना विचारलं. ही सगळी पत्रं त्यांनाच वाटावी लागत आणि कार्डं वाचतो हे ते लपवीत नसत.

“काहून पडता बाई त्या भानगडीत?” नत्थूजी म्हणाले. “सगळ्याइच्या कार्डावर एकच मजकूर. आपलं पत्र मिळालं, आनंद झाला, इकडे सारं ठीक. खालच्या गल्लीतले दोघं तं एकमेकाइले ‘प्रिय मित्र’ लिहून राहिले. एका भिंतीले लागून घरं हायेत अन् सहा वर्षांपासून बोलत नाहीत.”

पुस्तिका परत करायच्या आधी यमुताईंनी ती पुन्हा चाळली. एक्केचाळिसाव्या पानावर, दाढ न दुखणारा एक माणूस सापडला. ‘रामाजी लांजेवार, सावनेर. वय ५१. काम: कोळसा खाणीवर हजेरी घेणे. छंद: झोप. अपेक्षा: निसर्गावर लिहू नये.’ यमुताई एकट्याच मोठ्यानं हसल्या आणि आपलाच आवाज ऐकून जरा दचकल्या.

त्यांनी कार्ड लिहिलं. ‘महोदय, मी सभासद नाही. होण्यासारखं काही आहे का, हे आतल्या माणसाकडून कळावं. दोन ओळी पुरेत.’

चौथ्या दिवशी उत्तर आलं. ‘बाई, माझा अर्ज मेहुण्याने आग्रहाने भरला, छंद अन् अपेक्षा तेवढी मी सांगितली. अडतीस पत्रे आली. छत्तीस जणांनी हवापाणी विचारले, दोघांनी खाणीत जावई चिकटवता का म्हणून विचारले. तुम्ही होऊ नका. पण तुमच्या कार्डाले उत्तर द्यावेसे वाटले. काहून, ते मले सांगता येत नाही.’

यमुताईंनी ते दारातच दोनदा वाचलं. नत्थूजी अजून पायरीवरच होते. “मी म्हटलं होतं तेच हाये,” ते म्हणाले, “पण माणूस बरा दिसून राहिला.”

दोन महिन्यांत अकरा कार्डं झाली. रामाजींनी विचारलं, कन्हान नदीचं पाणी जातं कुठं? यमुताईंनी ते वैनगंगेतून, प्राणहितेतून, गोदावरीतून थेट समुद्रात पोचवलं. रामाजींनी लिहिलं, ‘एवढी मोठी मजल मारते हे माहीत नव्हते. आता पुलावरून जाताना सायकलवरून उतरतो.’ ते वाचल्यावर यमुताईंना दोन दिवस वर्गातल्या मुलीही हुशार वाटत होत्या.

मग रामाजींनी एक चूक केली. चिटणिसांनी खुशाली विचारली तेव्हा त्यांनी कळवून टाकलं, की मंडळाची माणसं पाठवू नका, मले बाहेरची एक मिळाली आहे; वर यमुताईंचं नाव-पत्ताही देऊन टाकला. आठवड्यात यमुताईंना छापील नोटीस आली. नियम नववा: सभासदाशी पत्रव्यवहाराचा अधिकार फक्त सभासदास राहील. पंधरा दिवसांत अर्ज भरावा अथवा मैत्री थांबवावी.

“भरून टाका ना,” प्रेमलताबाई म्हणाल्या. “एवढं काय त्यात? माझेही पाच होतील.”

खरं तर त्यात काही नव्हतं. पण त्या पुस्तिकेत गालाला हात लावून बसायचं या विचारानं यमुताईंना कसंतरीच होई. आणि न बसावं तर सावनेरचं कार्ड बंद. बावीस वर्षं मुलींना धाकात ठेवणारी बाई वर्ध्याच्या एका कागदाला घाबरली होती, आणि त्याचा त्यांना स्वतःवरच राग येत होता. चौदाव्या दिवशी त्यांनी निमूटपणे छंदाच्या रकान्यात ‘वाचन, प्रवास’ लिहिलं आणि अर्ज पिशवीत टाकला.

जिन्यातच नत्थूजी भेटले. त्यांनी मजकुराची बाजू वर करूनच कार्ड पुढे केलं. ‘मंडळाचा राजीनामा दिला. आता आपण दोघेही बाहेरचे. नववा नियम आपल्याले लागत नाही. शिवाय मेहुणा बोलेनासा झाला, तो फायदा वेगळा.’

यमुताईंनी अर्ज फाडला. मग प्रेमलताबाईंनी नवऱ्यालाच सभासद केलं आणि ठळक अक्षरांत छापून आल्या.

दिवाळीच्या सुट्टीत रामाजी नागपूरला आले. बसस्टँडजवळच्या हॉटेलात दोघं समोरासमोर बसले.

“गाडी वेळेवर आली?” यमुताईंनी विचारलं.

“आली.”

“गर्दी होती?”

“होती.”

तर्री पोहे आले आणि संपले. रामाजींनी दोनदा घड्याळ पाहिलं, यमुताईंनी तीनदा. चाळीस मिनिटांनी दोघंही सुटल्यासारखे उठले. घरी चालत येताना, एक चांगली गोष्ट आपण हातानं मोडली, असं यमुताईंना वाटत राहिलं. त्यांनी रात्रीचं जेवण केलं नाही. बसून कार्ड लिहिलं: ‘आपण पुन्हा भेटण्याची घाई करू नये. पत्र मात्र ताबडतोब टाकावे.’

रामाजींचं कार्ड त्याच दिवशी सावनेरहून निघालं होतं. ‘बाई, तुम्ही चांगल्या आहात, पण तुमच्याशी बोलण्यात काही मजा नाही. माझ्याशीही नसावी. आता सांगा, वर्धा नदी कुठे जाते?’