पडले मी, घाबरल्या अंबुबाई

मी एक जुनी पाल आहे, मित्रांनो. शेपटी दुसऱ्यांदा उगवलेली, म्हणून जरा आखूड. राजाजीनगरात अंबुबाईंच्या देवघरात, देवीच्या तसबिरीमागे मी अंड्यातून निघाले आणि तिथेच म्हातारी झाले. दिव्याभोवती चिलटं येतात, ती वेचते. एवढीच माझी सेवा.

माणसं मात्र माझ्यावर भलतीच मोठी कामं सोपवतात. मी सोबतिणीला हाक मारते, आणि खाली कुणीतरी म्हणतं, "बघ, पाल चुकचुकली." शंका आधीच त्यांच्या मनात असते, आवाज तेवढा माझा.

दिवा लावल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा अंबुबाईंचा नेम. पण डोळ्यांत मोतीबिंदू. काडी वात सोडून भलतीकडेच जायची. गेल्या महिन्यात पदर करपला. डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका. ऑपरेशनला शुक्रवार ठरला.

गुरुवारी संध्याकाळी एका पतंगावरून छतावर माझी दुसऱ्या पालीशी झोंबी लागली. रागाच्या भरात पाय सुटले, आणि मी थेट अंबुबाईंच्या डोक्यावर.

त्यांनी डोक्यावरून आंघोळ केली आणि सुनेला पंचांग उघडायला लावलं. मस्तकावर पाल पडल्यास मृत्युभय. येलहंक्याच्या जाऊबाईंना, भागुबाईंना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, "अक्का, स्वल्प थांबा. अमावास्या होऊन जाऊ दे."

"सरी," असा कानडी होकार देऊन अंबुबाईंनी फोन ठेवला. "उद्या जायचं नाही."

मी तसबिरीमागे अंग चोरून बसले. मित्रांनो, आमच्या कितीतरी पिढ्या अशाच पडत आल्या. पूर्वी मिणमिणत्या उजेडात, उघड्या भांड्यांत पडत असतील. म्हणून वडीलधाऱ्यांनी धाक घातला असेल, की वर बघा, अन्न झाका. धाक उरला, कारण विसरलं. मग कुठे पाल पडली आणि महिन्याने माणूस गेला, की ती गोष्ट गावभर झाली. हजार वेळा पडून काहीच झालं नाही, ते कोण सांगत बसतं?

सून आश्लेषा त्यांचे ओले केस पुसत होती. म्हणाली, "आत्याबाई, माझं नक्षत्र आठवतं ना?"

"ते काय मध्येच?"

"आश्लेषा नक्षत्राची सून सासूला खाते, असं याच भागुकाकूंनी सांगितलं होतं. सोळा वर्षं झाली. मी काही तुम्हाला खाल्लं नाही. उलट तुम्हीच दीडपट झालात."

अंबुबाईंना हसू आवरेना.

"तेव्हा सगळ्यांना काय म्हणालात तुम्ही?"

अंबुबाईंनी केस पुसायचा पंचा तिच्या हातून घेतला. मग हळूच म्हणाल्या, "म्हटलं, पोर देवळात पाहिली, पोर आवडली. पंचांगाला मागाहून विचारू."

"मग उद्याचंही मागाहूनच विचारू."

अंबुबाईंनी देवीला हात जोडले आणि बराच वेळ तसेच ठेवले. "सकाळचा ऑटो सांगून ठेव," त्या म्हणाल्या.

काही आठवड्यांनी काळा चष्मा उतरला. अंबुबाईंनी मान वर केली. "अगं बाई, ही एवढीशी? हिला मी भ्याले?"

माझा जीव भांड्यात पडला. मग त्या सुनेकडे वळल्या आणि बघतच राहिल्या.

"तुझे केस कधी पिकले गं?"

"झाली की दोन-तीन वर्षं."

अंबुबाईंनी तिच्या कपाळावरची बट हलकेच मागे सारली.

मित्रांनो, छतावर राहणारं कधीतरी पडणारच. मला झटकून टाका, अन्न झाकून ठेवा, हवं तर आंघोळही करा. पण माझा पाय सुटला म्हणून कुणाचं औषधपाणी थांबवू नका. जन्मभर देवाच्या पाठीशी राहून मी एवढंच पाहिलं आहे: हात जोडून समोर येणाऱ्याला तो कधी भिववत नाही.