साहेबांच्या खिडकीतला पाऊस

मी एक जुना पर्जन्यमापक आहे. नावाला घाबरू नका, मित्रांनो. पाऊस मोजायचे पत्र्याचे भांडे आणि डोक्यावर नरसाळे, एवढाच माझा थाट. हवामान कार्यालयाच्या अंगणात, उघड्या आकाशाखाली मी उभा असे. वादळांच्या हंगामात सगळे आधी माझ्याकडे धावत.

मग मोठ्या साहेबांनी नवी गाडी घेतली. गाडीला जागा हवी म्हणून मला उचलून त्यांच्या खिडकीखाली ठेवले. वर एसीची नळी! "डबाच तो, ठेवा कुठेही," साहेब म्हणाले. डबा? मी मनाशी गाठ बांधली.

त्या वर्षी दुष्काळ होता. अशात समुद्रात वादळ उठले. साहेब पडद्यावर त्याचा माग काढत बसले, एसी रात्रंदिवस चालू. "वादळाची कड आपल्याला लागणार, पाऊस पडणार," त्यांनी छातीठोकपणे जाहीर केले. वादळ समुद्रातूनच वळून गेले. इकडे नळी माझ्यात ठिबकत होती. मला ओरडता येत नाही, मित्रांनो, पण भरता येते. मी आनंदाने भरत गेलो.

सकाळी पाणी पाहून साहेब फुलले. "बघा! मी म्हटलं नव्हतं?"

"पण साहेब, अंगण तर कोरडं आहे," नोंद घेणाऱ्या बाई म्हणाल्या.

"उन्हानं वाळलं असेल. लिहा तुम्ही."

पाऊस झाला म्हणून आसपासच्या वस्त्यांचे पाण्याचे टँकर बंद झाले. चार दिवसांनी साहेबांची थोरली बहीण दोन रिकामे कॅन घेऊन कार्यालयात आली. घरी तिची गाय पाण्यावाचून आडवी झाली होती.

"ताई, पाऊस झालाय की!" साहेब खिडकीतून म्हणाले.

ताईने नळीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"हा होय रे तुझा पाऊस? मग ये बाहेर. धर कॅन, भर!"

सगळे कार्यालय दारात जमले. साहेबांनी सर्वांसमोर फोन लावून चूक कबूल केली, टँकर मागवला आणि तो येईपर्यंत भर उन्हात नळीखाली कॅन धरून उभे राहिले. पाणी थेंब थेंबच पडत होते. माझा जीव अगदी थंड झाला. वाईट वाटले ते फक्त गाईचे. ती संध्याकाळी उठली.

आता मी पुन्हा अंगणात आहे आणि गाडी बाहेर उन्हात तापते. मित्रांनो, मोजणाऱ्या वस्तूला जपा, तिची जागा तिला द्या. आम्ही बोलत नाही, पण विसरतही नाही. आणि डबा तर चुकूनही म्हणू नका.