हनुमंताच्या हॉलमधला समुद्र

"समुद्राचं काय कौतुक सांगता, पाव्हणं? दिवाळीला या. माझ्या हॉलात समुद्र भरून दावतो. त्यात मासा जित्ता न्हाई दिसला, तर ही मिशी उतरवीन!"

हनुमंत हे उरणला, साडूच्या घरी, गटारीच्या जेवणावर बोलला. तोंडात सुरमई होती, त्यामुळे जोर जरा जास्तच आला.

साडू श्रीपती मूळचा मावळातलाच. पण उरणच्या बंदरात नोकरी लागल्यापासून अरबी समुद्र वडिलोपार्जित असल्यासारखा वागायचा. "तुमच्या नवलाख उंबरे गावात मासा म्हंजी वढ्यातला," तो म्हणाला. "खाऱ्या पाण्याचा जीव तितं टिकला, तर मी थोरला साडू असून चार माणसांत तुझ्या पाया पडतो. जा!"

परतीच्या वाटेवर रेणुकानं नवऱ्याला विचारलं, "तुमाला गोड्या पाण्यातला तरी मासा पाळता येतो का?"

"त्यात काय येयाचं हाय? पानी, मीठ आन् मासा."

रेणुका मिशीकडे बघत राहिली. ती मिशी साधी नव्हती. रोज सकाळी तुपाचं बोट फिरवून तिला पीळ दिला जायचा. कंपनीत दोन मॅनेजर बदलले, मिशी तशीच होती. भावकीत हनुमंताला निम्मा मान त्याचा होता, निम्मा मिशीचा.

तळेगावात फिरोजचं माशांचं दुकान होतं. हनुमंतानं मिठाचं गणित सांगितलं तेव्हा फिरोज बराच वेळ हसला. मग त्यानं काचेची छोटी टाकी, पाणी फिरवणारा पंप, वाळू, भोकाभोकाचे दगड आणि समुद्री मिठाची बादली दिली. वर एक काचेची नळी. "भाऊ, ही पाण्यात तरंगवायची. या रेघेपर्यंत बुडाली की मीठ बरोबर. स्वयंपाकाचं मीठ घालू नका, आणि अंदाजानं तर काहीच घालू नका."

हॉलमध्ये टाकीला जागा एकच होती, टीव्हीची. टीव्ही उचलून धान्याच्या कणगीवर गेला. विठाबाईची, म्हणजे हनुमंताच्या आईची, मालिका त्याच दिवशी संपली. समुद्रावर तिचा पहिला राग तिथला.

काचेची नळी हनुमंतानं शेजाऱ्यांना कौतुकानं दाखवली. तिसऱ्या शेजाऱ्याकडे ती ओट्यावर पडली आणि फुटली.

"त्याला नळी कशाला लागती?" विठाबाई म्हणाली. "आवळं खारवताना मी कुटं नळी आणती? अंडं सोडायचं. तरंगलं, का मीठ झालं."

खुराड्यातून ताजं अंडं आलं. पाण्यात सोडलं, बुडालं. हनुमंतानं मीठ घातलं, तरी बुडालं. अजून घातलं. बादलीचा तळ दिसायला लागला तेव्हा कुठं अंडं वर आलं. घरात टाळ्या पडल्या.

फिरोज दुसरी नळी घेऊन आला. पाण्यात सोडली तर ती बुडायलाच तयार होईना, उभीच्या उभी वर. त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं आणि डोळे मिटले.

"भाऊ, यात मासा सोडू नका. आवळेच सोडा."

पाणी ओतून टाकलं, नवं भरलं. मग फिरोजनं एक सोललेली कोलंबी टाकीत टाकली आणि ती सडू द्या म्हणाला. सडल्यावर पाण्यात बारीक जिवाणू धरतात, ते माशांची घाण पचवतात, त्याशिवाय मासा जगत नाही.

कोलंबी सडली. असा वास सुटला की गल्लीतली मांजरं उंबऱ्यावर ठाण मांडून बसली आणि पोस्टमन आत यायचा बंद झाला. पण हनुमंत खूश होता. दर दिवशी तो काचेला नाक लावून जिवाणू दिसतात का बघायचा.

आणि घटस्थापना आली.

आता घटस्थापनेच्या आधी घरातली प्रत्येक वस्तू धुऊन निघते. गोधड्या नदीवर जातात, डबे राखेनं घासले जातात, फोटोतले आजोबासुद्धा पुसले जातात. हनुमंत संध्याकाळी कामावरून आला तर टाकी अंगणात उपडी वाळत होती. दगड चुन्यासारखे पांढरे. वाळू सात पाण्यानं धुतलेली.

"लय घान झालती रं," विठाबाई म्हणाली. "आतमदी कायतरी मेलंबी व्हतं."

हनुमंत पायरीवर बसला. मिशीला हात लावून बघितला. पहिल्यांदाच ती जाईल असं वाटलं.

रेणुकानंच फिरोजला फोन लावला. तो म्हणाला, पुन्हा पहिल्यापासून धरलं तर दिवाळी निघून जाईल. पण माझ्या टाकीतले मुरलेले दगड देतो, त्यात जिवाणू तयार असतात.

"म्हंजी विरजणच की!" रेणुका म्हणाली.

हा शब्द विठाबाईनं ऐकला आणि सगळं चित्र पालटलं. विरजण तिला कळत होतं. दगड आले तसे तिनं टाकीला कुणाला हात लावू दिला नाही. "हलवू नका, मोडंल!" थंडी पडायला लागली तशी तिनं टाकीला तीन बाजूंनी घोंगडी गुंडाळली. फिरोजनं पाणी तपासलं, पुन्हा तपासलं. "मावशी, तुमच्या हाताला यश आहे," म्हणाला आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे सोडून गेला.

ते जगले. जेवले. विठाबाईच्या मागे काचेच्या आतून फिरायला लागले. ती टीव्हीचं नाव विसरली.

पाडव्याला श्रीपती आला, बायको चंपाला घेऊन. भावकी आधीच जमली होती. विठाबाईनं टाकीसमोरच्या टीपॉयवर पणत्या मांडल्या होत्या. समुद्र घरी आलाय, दिवा नको?

"कुटंय मासा?" श्रीपती वाकून म्हणाला. "का दगड पाळलंत?"

विठाबाईनं काचेवर बांगडी वाजवली. दगडामागून दोघं तुरुतुरु पुढं आले. श्रीपतीनं पाण्यात बोट घातलं, चाखलं.

"खारंच हाय," तो म्हणाला. "च्यायला. मी रोज समुद्रावर जातो, पर असा तोंडापुढं पवताना मासा न्हाई बघितला. मला तो ताटातच भेटतो."

"मंग?" हनुमंतानं मिशीला पीळ दिला. "चार मानसं हायेत. मोजून घ्या."

श्रीपती दिलदार निघाला. टोपी सारखी केली आणि सगळ्यांदेखत वाकला. भावकीनं शिट्ट्या मारल्या, चंपा पदर तोंडाला लावून हसली. हनुमंताला भरून आलं. थोरला माणूस पाया पडतोय म्हणून त्याला उठवायला तोही घाईनं वाकला, टीपॉयवरून.

मिशीला सकाळचं तूप होतं. डावी बाजू पणतीवर गेली. उजवी रेणुकानं कात्रीनं काढली.