इथे रेंज नाही

पाहुण्याची गाडी टेकडी चढून पलीकडे उतरली, तरी गवंडी कपाळाशी हात धरून बांधावर उभाच होता.

"वर थांबेल बघ आता," तो म्हणाला.

"काय थांबतोय! धुरळासुद्धा खाली बसला," चादरी पिळता पिळता गवंडीण म्हणाली.

"वर गेल्यावर पैसे पाठवतो म्हणाला. रेंज वरच येते ना."

"रेंज वर येते आणि शहराचा रस्ताही वरूनच जातो. खोली बांधताना हे नाही का सुचलं?"

गवंड्याला बरंच काही सुचलं नव्हतं. गावात बांधकाम निघणं बंद झालं होतं. बांधू शकणारे शहरात गेले होते आणि उरलेल्यांचं पडत्या भिंतींना टेकू लावून भागत होतं. उतारावरच्या त्याच्या तुकड्यात माती वीतभर आणि खाली नुसता दगड. तिथे उगवायचं तर तणसुद्धा दोनदा विचार करायचं. शेवटी त्याने तोच दगड फोडला, गवंडिणीने आपल्या दोन्ही म्हशी विकल्या, आणि सुट्टीला येणाऱ्यांसाठी एक खोली उभी राहिली. पुढे ओसरी, मागे न्हाणीघर.

तिकडे शहरातल्या एका ठेकेदाराने गवंड्याला बारा मजली इमारतीवर वॉचमनची जागा देऊ केली होती. फोन करून बोलावतो म्हणाला होता. गवंड्याने बायकोला शब्द दिला होता, "खोली चालली तर मी जात नाही." त्यामुळे पाहुणा आला की गवंडीण त्याच्या चपला आधी बघायची. किती जोड आहेत, किती दिवस राहील, आणि तेवढ्याने आपला माणूस घरात किती टिकेल.

कॉलेजला जाऊन गावात परत आलेला मी एकटाच. का परत आलो, हे गाव अजून विचारतं. तोवर फळे रंगवायचं आणि अर्ज लिहायचं काम माझ्याकडे असतं. रस्त्यावरचा फळा मीच रंगवला होता: 'शांत खोली. इथे मोबाईलला रेंज नाही.'

"भाऊ, आपली लाज अशी रस्त्यावर कशाला टांगायची?" गवंडी कुरकुरला होता. पण त्या एका ओळीवर गाड्या वळू लागल्या. माणसं यायची, फोन उशीखाली टाकायची, दगडांकडे बघून 'वा' म्हणायची आणि दहा दहा तास झोपायची. निघताना मात्र विचारायची, "स्कॅनर कुठाय?"

कागदावरचा तो चौकोन दाराशेजारी चिकटवलेला होता. रेंजअभावी तो नुसती शोभा द्यायचा.

चादरी वाळल्यावर आम्ही तिघं ओसरीवर बसलो. पैसे घ्यायचे कसे, ते एकदाचं ठरवायचं होतं.

"रोख घ्या," मी म्हणालो.

"त्यांच्या पाकिटात नुसती कार्डं असतात, भाऊजी," गवंडीण म्हणाली. "परवाच्या बाईंकडे देवापुढे ठेवायलाही नाणं नव्हतं."

"मग त्या खोल्या लावून देणाऱ्या कंपनीत नाव घाला. पैसे तीच गोळा करते."

"विचारलं तिला," गवंडी म्हणाला. "तासाभरात फोनवर होकार कळवावा लागतो. मी काय टेकडीवर खाट टाकू?"

"आगाऊ घ्या मग."

यावर गवंडीण चपापली. "न आलेल्या माणसाचे पैसे घ्यायचे? आणि तो आलाच नाही तर? तसला पैसा घरात ठेवून झोप लागेल का?"

अखेर ठरलं की पाहुण्याच्या गाडीची किल्ली ठेवून घ्यायची आणि त्याला पायी टेकडीवर पाठवायचं. हा प्रयोग एकदाच झाला. पाहुणा पोट सुटलेला, ऊन रखरखीत, वाट निसरड्या मुरमाची. गवंडीण पाण्याची बाटली घेऊन त्याच्या मागोमाग गेली. वर पैसे गेले, पण उतरताना पाहुण्याचा पाय मुरगळला. गवंड्याने त्याला पाठुंगळीला मारून आणलं, आणि डॉक्टरची फी भाड्यापेक्षा जास्त झाली.

"टॉवरच मागू," गवंडी म्हणाला. मी अर्ज लिहिला. गावाच्या एकतीस सह्या पडल्या. फळ्यावरचं अक्षर माझं होतं आणि अर्जावरचंही माझंच, पण दोन्ही शेजारी ठेवून वाचायची बुद्धी मला झाली नाही.

अर्जाला उत्तर यायची आमच्याकडे पद्धत नाही, त्यामुळे आम्ही बेसावध होतो. चार महिन्यांत टॉवर उभा राहिला, बरोबर ओसरीसमोर. पैसे जमा झाले की बोलणारा डबा बँकेकडून आला. गवंड्याने त्याच्यासाठी भिंतीत कोनाडा कोरला आणि आतून गुळगुळीत गिलावा केला. मी फळ्यावरची दुसरी ओळ पुसली.

टॉवरनंतरचा पहिला पाहुणा दिवसभर ओसरीत येरझारा घालत ऑफिसशी भांडला. त्याच्या पोरांनी खाटेवर आडवं पडून कार्टून बघितली. निघताना त्याने फोन चौकोनासमोर धरला आणि डबा खणखणीत बोलला, "दोन हजार रुपये मिळाले." गवंडीण तोंडाला पदर लावून हसली. तिला तसं हसताना मी म्हशी विकल्यापासून पाहिलं नव्हतं.

पाहुण्याने गाडीत बसल्या बसल्या आपलं मत जगाला कळवलं: 'रेंज उत्तम. पण मग घर काय वाईट होतं?'

त्यानंतर कुणी आलं नाही. रस्त्यावर आता पुढच्या ढाब्यावरही 'शांत खोली' होती.

फोन मात्र आला. गवंड्याच्या मोबाईलवर घरबसल्या लागलेला तो पहिलाच.

"अरे, होतास कुठे?" ठेकेदार ओरडला. "दीड वर्ष लावतोय, लागेल तर शपथ! जागा आहे अजून. परवा ये."

गवंडी गेला. पिशवीत त्याने दोन शर्ट आणि थापी घातली. वॉचमनला थापी लागत नाही, हे त्याला आम्ही कुणीच सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात एका दुपारी मी गवंडिणीकडे बसलो होतो. बंद खोलीतून आवाज आला, "सात हजार रुपये मिळाले." गवंडीण हातातला खराटा टाकून धावली, पदर सारखा करत, कुणी आल्यासारखी. मीही उठलो. रस्ता टेकडीपर्यंत मोकळा होता. टॉवरवर एक कावळा बसला होता.

"कोण पाहुणा?" मी विचारलं.

"आमचेच की," ती म्हणाली. "आगाऊ भरलेत. येणार कधी, ते काही डबा बोलला नाही."

मग तिने खोली उघडली आणि धुतलेलीच चादर पुन्हा बदलायला घेतली.