अर्धं पत्र

मुलाने तिला पाहिलं, नीट पाहिलं, आणि मान फिरवली. दिसलीच नसती तर तिने सोडून दिलं असतं. सभागृह मोठं, माणसं पन्नास-साठ, नजर चुकते एखाद्याची. पण ह्याची नजर चुकली नव्हती. ती नजर चौथ्या रांगेपर्यंत आली, तिच्यावर थांबली, त्याच्या हातातलं पेन थांबलं, आणि मग साहेब समोरच्या कागदांत असे शिरले, जणू आई नावाचं माणूस त्यांना कधी नव्हतंच. वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे मास्तरसुद्धा ह्याहून मायेने बघतात.

दोन बस बदलून ती आली होती. ठेवणीतले कपडे, ठेवणीतल्या चपला, त्यातली डावी चावत होती. दुसऱ्या बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला तिने न विचारता सांगून टाकलं होतं की माझा मुलगा तिथे मोठ्या हुद्द्यावर आहे, त्यानेच बोलावून घेतलंय. आता ती बाई इथे नव्हती हेच नशीब.

कडेच्या खुर्चीवर एकाने बॅग ठेवली होती. "पिशवीला खुर्ची आणि माणसाला भिंत, असं का?" तिने विचारलं. त्याने बॅग उचलली.

मुलगा गॅस कंपनीत होता. पण त्याचा गॅसशी संबंध नव्हता, नळीशी नव्हता, पान्याशी नव्हता. त्याचं काम सरकारला पटवायचं. नियम निघायच्या आधी त्याचा मसुदा निघतो, मसुद्यावर लोकांकडून हरकती-सूचना मागवतात, आणि त्या वेळी कंपनीच्या सोयीचं काय ते अधिकाऱ्यांच्या गळी उतरवायचं, हे त्याचं काम. लहानपणी ह्याला आंघोळीला पटवता पटवता तिचा घसा बसायचा, आणि तोच आता सरकारला पटवतो, असं ती कौतुकाने सांगायची. ऐकणारे हसायचे. ती हसायची नाही.

नवरा मात्र त्याच कंपनीत पायांनी काम करून गेला. मोठी लाइन जमिनीखालून जाते, वर नुसते पिवळे खांब. त्या खांबाखांबाने दर आठवड्याला अकरा किलोमीटर चालायचं आणि बघत जायचं. एवढंच काम, एकतीस वर्षं. लोक त्याला लाइनवाले म्हणायचे आणि तिला लाइनवाल्या बाई. घरही लाइनीजवळच, मागच्या दारापासून बावीस मीटर. नवऱ्याने स्वतः फीत लावून मोजलं होतं.

तो जाऊन चार वर्षं झाली होती.

तीन महिन्यांपूर्वी एका दुपारी मुलगा अचानक आला होता. एकटा, गाडी फाटकाशी लावून. एरवी तो यायचा तेव्हा दारातूनच घड्याळ बघायचा. चहा गार व्हायच्या आत निघायचा. त्या दिवशी दोन तास बसला. फोन उलटा करून ठेवला. बाबांच्या कामाबद्दल कंपनी लिहून घेतेय, म्हणाला, आणि विचारत गेला. किती वर्षं चालले? घर किती अंतरावर? तुला कधी भीती वाटली का गं?

तिने इतकं बोलून चार वर्षं झाली होती. घशाला कोरड पडेपर्यंत बोलली. पायातल्या बुटांपासून पावसात गस्तीच्या नोंदवहीला बांधायच्या प्लॅस्टिकपर्यंत सगळं सांगितलं. जाताना त्याने एक कागद पुढे केला. ती दुसरीपर्यंत शिकलेली. मोठ्या अक्षरातलं दुकानाच्या पाटीसारखं असेल तर वाचायची, पण ह्या कागदावर अक्षरं मुंग्यांसारखी. तिने चष्मा लावला, डोळे वरून खाली नेले, मध्येच एकदा मान डोलावली, आणि सही केली. तिला वाचता आलं नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याला ठाऊक आहे हे तिलाही कळत होतं. दोघांनीही तोंडातून शब्द काढला नाही.

मग गेल्या आठवड्यात सरकारी लिफाफा आला. असा लिफाफा आला की ती तो न उघडता फळीवर ठेवायची, मुलगा आला की वाचेल म्हणून. फळीवर असे सहा होते. ह्या खेपेला वाट बघायचा तिला कंटाळा आला आणि तिने तो शेजारच्या शिक्षिकेकडून वाचून घेतला. शिक्षिका म्हणाली, काकू, तुम्ही पाठवलेल्या पत्रासंबंधी नियामक मंडळाने तुम्हाला सुनावणीला बोलावलंय. तिने कसलंच पत्र पाठवलं नव्हतं. पण मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: पोराने बापाच्या कामाचं काहीतरी मांडलं असणार, आणि आपल्याला समोर बसवून ऐकवायचा त्याचा बेत असणार. तिने फोन केला. त्याने उचलला नाही. मीटिंगमध्ये आहे, असा निरोप आला, तोही फोननेच आपोआप पाठवलेला, शिक्षिकेने वाचून सांगितलेला.

पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाला मंडळ बोलावणं धाडतं, हा नियम मुलाला तोंडपाठ होता. फळीवरचे सहा लिफाफेही त्याला माहीत होते. त्याने त्या फळीवर भरवसा ठेवला होता.

मंचावर तिघं बसले होते. मधल्या अध्यक्षीणबाई किडकिडीत, केस आखूड, स्वतःच्या हाताने लिहून घेणाऱ्या. खालून कंपनीचा वकील बोलत होता. तिला समजलं ते एवढं, की घरांच्या जवळून लाइन जात असेल तिथे दर आठवड्याला माणसाने पायी गस्त घालायची असा आजवरचा नियम. कंपनीला तो काढून हवा. गस्त बंद, जागोजागी यंत्रं बसवायची, आणि लाइनीतला दाब वाढवायचा.

"रहिवाशांचाही ह्याला पाठिंबा आहे," वकील म्हणाला. "एकशे चार पत्रं आहेत. एक वाचतो, कारण ते खुद्द गस्तवाल्याच्या पत्नीचं आहे."

आणि त्याने वाचलं. "माझे दिवंगत पती ह्याच वाहिनीवर एकतीस वर्षे गस्तीला होते. माझे घर वाहिनीपासून बावीस मीटरवर आहे. इतक्या वर्षांत मला कधीही भीती वाटली नाही. पायी गस्त ही जुन्या काळातील पद्धत असून ती बंद करण्यास माझी कोणतीही हरकत नाही."

बावीस मीटर ऐकल्यावर तिला आधी बरंच वाटलं. आपलं घर एवढ्या मोठ्या सभेत कुणी वाचून दाखवतंय. मग पुढचं वाक्य आलं, आणि त्याच्या पुढचं. तिने पाय चपलेत नीट सरकवला आणि तशीच बसून राहिली. त्या दुपारचं सगळं बोलणं ती मनातल्या मनात पुन्हा ऐकत होती, आणि एकेक प्रश्न आता वेगळा ऐकू येत होता.

"ह्या बाई आल्यात का?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

वकील म्हणाला की त्या वयस्कर आहेत, लांब राहतात, त्यांना येणं शक्य नसावं.

"आल्यात," ती उभी राहून म्हणाली.

सगळ्या माना मागे वळल्या. एक सोडून. मुलगा समोरच बघत राहिला. मागून फक्त त्याचे कान दिसत होते, आणि ते लाल झाले होते.

अध्यक्षीणबाईंनी पुढे बोलावलं, खुर्ची द्यायला लावली. ती बसली नाही. पत्र तुमचं आहे का, असा प्रश्न आला, आणि तेवढ्या वेळात तिला जे कळायचं ते कळलं. शाळा दोन यत्ता झाली म्हणून कुणी खुळं राहत नाही. नाही म्हटलं, तर पुढचा प्रश्न येणार की मग सही कुणी घेतली. आणि घेणारा तिथे हाताच्या अंतरावर बसला होता. त्याला घर आहे, सून आहे, दोन नातवंडं आहेत. हो म्हटलं, तर उद्यापासून लाइनीवर माणूस फिरणार नाही, आणि तो काढायला लाइनवाल्याच्याच बायकोने सांगितलं असं कागदावर राहील. एकतीस वर्षं झिजवलेल्या पायांवर तिच्याच हाताने फुली.

"सही माझी आहे," ती म्हणाली.

"आणि मजकूर?"

"मजकूर अर्धा माझा आहे."

मागे कुणीतरी हसलं. तिने वळून बघितलं. हसणं थांबलं.

"भीती वाटली नाही, असं मी म्हटलं होतं," ती म्हणाली. "पुढे कारणही सांगितलं होतं. ते लिहायचं राहिलं. भीती वाटली नाही, कारण दर आठवड्याला एक माणूस पायाने चालत जायचा. आता तुम्ही कारण काढून घेताय आणि माझं 'भीती नाही' तेवढं ठेवून घेताय. असं कसं चालेल?"

मग ती बोलत राहिली आणि कुणी तिला थांबवलं नाही. तिने सांगितलं की मोठ्या लाइनीतल्या गॅसला वास नसतो, वास पुढे शहरात आल्यावर घालतात. म्हणून नाकाचा उपयोग नाही, डोळे लागतात. एका वर्षी सगळीकडे हिरवंगार असताना लाइनवाल्यांना परातीएवढं गवत पिवळं दिसलं. कुणाला वाटलं असतं, गुरं बसली असतील. ते तिथे गुडघ्यावर बसले, शेजारच्या डबक्यात बारीक बुडबुडे येत होते. लोकांना घरांतून बाहेर काढायला ते दारोदार पळाले. मग त्यांनी साहेबांना कळवलं, आधी नाही, आणि त्याबद्दल त्यांना बोलणीही खावी लागली.

वकील अदबीने म्हणाला की आजी, आता यंत्रं आहेत, ती चोवीस तास जागी असतात.

"असतील. बसवा ना. मी कुठे नको म्हणते? पण लाइनीवर कुणी गोठा बांधायला घेतला, खड्डा खणायला घेतला, तर तुमचं यंत्र त्याला हटकतं का? आमच्या घरचं माणूस हटकायचं. शिव्याही खायचं."

ह्यावर मंचावरचा एक जण हसला, आणि त्याला तिने हसू दिलं.

लाइनवाले गेल्यावर आता एक नवा गस्तवाला येतो, हे तिने सांगितलं नाही. तो चहाला थांबत नाही, बोलतही नाही, नुसती काठी वर करून पुढे जातो. पण आठवड्यातून त्या एका सकाळी ती मागचं दार उघडून, केस नीट करून बसते. ते सरकारला सांगायचं कारण नव्हतं.

"हे पत्र तुमच्याकडून कुणी लिहून घेतलं?" अध्यक्षीणबाईंनी पेन उचलत विचारलं.

मुलाची पाठ ताठ झाली.

"लिहिणारा घाईत होता," ती म्हणाली. "घाईत माणूस अर्धंच लिहितो. नाव घेऊन काय करायचं? मी सगळं सांगितलंय ना आता? हे लिहून घ्या."

अध्यक्षीणबाईंनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग त्यांनी कारकुनाला लिहायला लावलं. कागद सहीला समोर आला तेव्हा तिने हात मागे घेतला.

"आधी वाचून दाखवा. मला भरभर वाचता येत नाही."

जे मुलासमोर कधी ओठांवर आलं नव्हतं, ते पन्नास-साठ माणसांसमोर असं सहज निघून गेलं. कारकुनाने वाचलं. एका ठिकाणी 'कधी कधी' असं पडलं होतं, ते तिने 'दर आठवड्याला' करून घेतलं, पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं, आणि मग सही केली. निर्णय महिन्याभराने कळेल, असं तिला सांगण्यात आलं. ती नमस्कार करून निघाली आणि मुलाच्या खुर्चीजवळून जाताना तिने तिकडे पाहिलं नाही.

जिन्याच्या वळणावर त्याने तिला गाठलं. बॅग काखेत, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, धाप लागलेली. आधी त्याने मागे कुणी येतंय का बघितलं आणि मग हळू आवाजात बोलायला लागला. येण्याआधी फोन करायचा होतास, म्हणाला. केला होता, म्हणाली. त्याने बॅग दुसऱ्या काखेत घेतली. मग म्हणाला की ही पत्रं सगळी अशीच असतात, कुणी मन लावून वाचत नाही, गठ्ठा जाड दिसावा लागतो एवढंच. वरून सांगणं आलं होतं की लाइनीवरच्या माणसाच्या घरचं एखादं पत्र असलं तर वजन पडेल. आणि त्याच्यासमोर दुसरं कोण होतं? बाबा असते तर त्यांनीही समजून घेतलं असतं.

"त्यांचं नाव मध्ये आणू नकोस," ती म्हणाली.

तो जिन्याचा कठडा नखाने खरवडत राहिला. केस पुढून पातळ झाले होते त्याचे. हे तिने त्या दुपारी पाहिलं नव्हतं. तेव्हा तिचं सगळं लक्ष बोलण्यात होतं.

"आई," तो शेवटी म्हणाला, "तू नाव घेतलं नाहीस माझं. माझी नोकरी गेली असती." आणि मग, देणं फेडावं तसं घाईघाईने, "रविवारी येतो मी. मुलांना घेऊन. भेटायला."

तिने चावणारी चप्पल काढून हातात घेतली, एक पायरी उतरली, मग थांबून त्याच्याकडे वर बघितलं.

"सहीचं मला काही नाही रे. मागितली असतीस तर कोऱ्या कागदावर दिली असती. पण त्या दुपारी तू विचारत होतास आणि मला वाटलं, पोराला बापाची आठवण झाली, माझ्याशी बोलावंसं वाटलं. तीन महिने मी त्या एका दुपारवर काढले. तुला कळायचं नाही ते. यापुढे कामाला आलास तर कामाला आलो म्हण. जेवायला वाढीन, सहीसुद्धा करीन, कुणाकडून तरी वाचून घेऊन. पण भेटायला आलो, असं म्हणू नकोस."