दोघांची नोंद

"नर आला. उंदीर. पिल्लांना देऊन गेला," असं वहीत लिहून पंपवाल्यांनी पेन कानावर ठेवलं आणि पुढची चित्रफीत लावली. काल रात्री घुबडांच्या पेटीत जे काही घडलं, ते आज सकाळी आठ वाजता पडद्यावर बघायचं आणि वहीत उतरवायचं, हे काम गळ्यात पडून त्यांना दोन महिने झाले होते. पाणीपुरवठ्याच्या जुन्या, बंद पडलेल्या पंपघराच्या माळ्यावर गव्हाणी घुबडांची जोडी राहायला आली, पक्ष्यांच्या संस्थेतल्या बाईंनी तिथे लाकडी पेटी आणि अंधारात दिसणारा कॅमेरा बसवला, आणि "रोज अर्धा तास कोण देईल?" असं विचारलं, तेव्हा बाकीचे सगळे खाली बघत होते आणि पंपवाले नेमके वर बघत होते.

तसं त्यांना ते काम वाईट वाटत नव्हतं. नवीन पंप सकाळी सहाला एकदा लागला की नऊपर्यंत दाबाच्या काट्यावर नजर ठेवण्यापलीकडे काही नसायचं. चोवीस तासांत हा एकच अर्धा तास असा होता, की ज्यात कोणाला उचलायचं नव्हतं, भरवायचं नव्हतं, पुसायचं नव्हतं. पडद्यावर सगळं दुसरंच कोणीतरी करत होतं.

शर्टाच्या खिशातला फोन वाजला. खिशात दोन फोन होते. वाजला तो बायकोचा. लेकीचा मेसेज होता. "आई, उठलीस का? आज पाय जास्तच सुजलेत."

पंपवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि एका बोटाने लिहिलं, "उठले कधीच. पायाखाली उशी घे. मीठ कमी खा. बीपी बघितलंस का?" पाठवायच्या आधी पुन्हा एकदा वाचलं. पहिल्या आठवड्यात घाईघाईत एकदा "उठलो" गेलं होतं. लेकीने हसणारे चेहरे पाठवले होते आणि इकडे यांना घाम फुटला होता. आता हात बसला होता.

तीन महिन्यांपूर्वी बायकोला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. कळत सगळं होतं, पण तोंडातून "तसं, तसं" याखेरीज काही निघत नव्हतं. लेक तेव्हा चौथ्या महिन्यात होती, दीड दिवसाच्या प्रवासाइतकी लांब. आधीचं एक गेलं होतं, म्हणून डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं होतं. मनाला त्रास अजिबात नको, असंही बजावलं होतं. पंपवाल्यांनी ठरवलं, चार दिवस सांगायचं नाही. चाराचे आठ झाले. मग आईच्या घशाला गाठ आली, डॉक्टरांनी बोलायला बंदी केली, पाठोपाठ दोघांच्याही फोनचे कॅमेरे बिघडले. एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं. शेवटी लेकीला आई लागतेच, म्हणून आईच्या फोनवरून आई होऊन लिहिणं आलं. पहाटे चारला उठून बायकोचं सगळं आवरायचं, स्वयंपाक करायचा, सहाला ड्यूटी, दोनला घरी, पुन्हा तेच. मधल्या मधल्या वेळात लेकीची आई. माणूस थकतो म्हणजे काय होतं, ते त्यांना हल्ली कळायला लागलं होतं. झोप येत नाही, नुसती वाट बघावीशी वाटते. कशाची, ते ठाऊक नसतं.

फोन पुन्हा वाजला. "बीपी ठीक आहे. आई, तुझं वीस तारखेचं तिकीट मिळतंय. काढून ठेवू ना? तू आल्याशिवाय मी दवाखान्यात जाणार नाही हां."

या मेसेजची त्यांना धास्ती होती. आज ना उद्या येणार, हे माहीत होतं. मग त्यांनी लिहिलं, "थांब, बाबांना विचारून सांगते."

पक्ष्यांच्या बाई साडेआठला आल्या. दर आठवड्याला यायच्या. पंपघरातली मंडळी त्यांना मागे घुबडबाई म्हणायची आणि ते त्यांना पक्कं माहीत होतं. एकदा त्यांनी स्वतःच फोनवर, "मी घुबडबाई बोलतेय," असं म्हणून सगळ्यांची तोंडं बंद केली होती. वय लेकीएवढंच असेल. आल्या आल्या त्यांनी वही मागितली.

"काका, पिल्लं किती दिसतायत?"

"तीन. चौथं आणि पाचवं कोपऱ्यात असतील. अंधार असतो तिथं."

बाई वहीची पानं मागे उलटत गेल्या. पंपवाल्यांचं अक्षर चांगलं होतं. नर आला, मादी बसली, नर गेला, मादी आली. रोजच्या दहा-बारा ओळी, खाली सही.

"दोघं एकत्र कधी दिसले होते शेवटचे? म्हणजे एकाच वेळी, पेटीत?"

पंपवाल्यांनी आठवून बघितलं. आठवेना. बाईंनी खुर्ची ओढली आणि जुन्या फिती एकेक करून लावल्या. नऊ रात्री मागे गेल्यावर दोघं शेजारी शेजारी सापडले. नर उंदीर पुढे करत होता आणि मादी मान वाकडी करून घेत होती. त्यानंतर नाही.

"इकडे या, बघा," बाई म्हणाल्या. त्यांनी कालच्या दोन फिती थांबवून शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत उंदीर घेऊन आलेला पक्षी, दुसरीत पिल्लांवर बसलेला. "छाती बघा दोन्हीकडे. नराची पांढरी असते, जवळजवळ कोरी. इथे तीळ सांडल्यासारखे ठिपके आहेत. हिलाही आहेत, हिलाही. गळ्याखाली तोच तीन ठिपक्यांचा झुपका. ही एकच आहे, काका. नर नऊ दिवस आलेलाच नाही."

पंपवाल्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. ठिपके होते. रोज दिसत असणार. "पण तुम्हीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "खायला आणतो तो नर, बसते ती मादी."

"हो, मीच सांगितलं होतं. पहिल्या दिवसांपुरतं. चूक माझीही आहे."

"मी काम बघून लिहीत गेलो. आणलं की नर, बसली की मादी."

"आणि ती दोन्ही करत होती. म्हणून वहीत दोघं दिसतायत." बाईंच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्यांना जास्त लागलं. "ती बाहेर असते तेव्हा पिल्लं उघडी पडतात. सगळ्यांना पुरेल एवढं एकटीला आणता येत नाही. मग धाकटी जातात आधी. ती कोपऱ्यात नाहीत, काका."

"नर कुठं गेला असेल?"

"गाडीखाली आला असेल, तारेत अडकला असेल. आपल्याला कळायचं नाही."

"आणि ही? अशी किती दिवस करेल?"

"करत राहील. वजन उतरतं, पिसं विस्कटतात. तरी करते. मग एखाद्या दिवशी जमत नाही." बाईंनी वही मिटली. "नर नाही, एवढी एक ओळ असती ना, तर दुसऱ्या दिवशी मी खाणं आणून ठेवलं असतं. आमच्याकडे मेलेले उंदीर असतात, बर्फात ठेवलेले, अशाच वेळेसाठी. पण सगळं नीट चाललंय असं लिहून आलं, की कोण कशाला धावत येईल?"

पंपवाले दाबाच्या काट्याकडे बघत राहिले. काटा जिथे असायला हवा तिथेच होता.

दहा वाजता बाई संस्थेत जाऊन डबा घेऊन आल्या आणि जुन्या पंपघरात शिडी लावून वर चढल्या. पंपवाल्यांनी शिडी धरली. वरून पिल्लांचा फिसकारण्याचा आवाज आला. बाईंनी पेटीच्या फळीवर सात उंदीर ओळीने ठेवले आणि आवाज न करता उतरल्या. जाताना त्या म्हणाल्या, "वहीत खाली एक टीप लिहा फक्त. मागचं राहू द्या."

पंपवाल्यांनी मागचं राहू दिलं नाही. नऊ रात्रींची पानं उघडून त्यांनी जिथे जिथे "नर" होतं तिथे एक आडवी रेघ मारली, वर "मादी" लिहिलं आणि प्रत्येक रेघेशेजारी सही केली. त्रेपन्न सह्या झाल्या. दोन पिल्लांच्या मरणाच्या पापाचे धनी आपण आहोत, हे त्यांना प्रत्येक सहीला नव्याने कळत होतं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

दोनला ते घरी पोचले. दिवसा बायकोजवळ बसणाऱ्या शेजारच्या मावशी पदराला हात पुसत उठल्या. "दोन घास खाल्लेत तिनं. भाऊ, एक सांगू? लेकीला कळू द्या आता. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं होय?"

मावशी हे दर दोन दिवसांनी सांगायच्या आणि पंपवाले दर वेळी "बघू" म्हणायचे. आज ते म्हणाले, "बसा थोडं."

बायको पलंगावर उशांना टेकून बसली होती. रोज या वेळी ते तिला लेकीचे मेसेज वाचून दाखवायचे. लेकीचं वाचताना ती डोळे मोठे करून ऐकायची. मग ते आपण काय उत्तर दिलं ते वाचायचे आणि ती तोंड भिंतीकडे करायची. दमली असेल, असं त्यांना वाटायचं. आज त्यांनी लेकीचं वाचलं, तिकिटाचं वाचलं, आणि थांबले.

"अगं," ते म्हणाले, "तुला न विचारता तुझ्या नावानं तीन महिने बोलतोय मी. तुला चालत होतं का?"

बायकोने डाव्या हाताचा तळवा गादीवर आपटला. मग पुन्हा आपटला. "तसं, तसं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतला राग इतका स्पष्ट होता, की तो आजवर आपल्याला दिसला कसा नाही याची त्यांना लाज वाटली.

"सांगू तिला?"

आपटणारा हात थांबला. तिने मान हलवली. हळू, पण नीट वरून खाली.

त्यांनी आधी जावयांना फोन लावला, खरं काय ते चार वाक्यांत सांगितलं आणि म्हणाले, "तुम्ही घरी पोचा. तिच्याजवळ बसा. मग मला फोन करा." "पोचतो," एवढंच जावई म्हणाले. मधल्या तासाभरात मावशींनी बायकोचे केस विंचरून वेणी घातली आणि साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. पंपवाल्यांनी तिचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं.

चारला त्यांच्या फोनवर लेक दिसली. मागे जावई उभे होते. पंपवाल्यांनी जे सांगायचं ते सांगितलं आणि फोन बायकोसमोर धरला. लेक बघत राहिली. वाकडं झालेलं तोंड, मांडीवर पडलेला उजवा हात, नुकतीच घातलेली वेणी. बायकोने डावं बोट पुढे केलं आणि काचेवर लेकीच्या पोटाच्या जागी टेकवलं. लेक रडली, मोठ्याने नाही, पण खूप वेळ. जावयांनी पाणी दिलं, ती प्यायली, पदराने नाक पुसलं. पंपवाले तिच्या श्वासाकडे बघत होते. कुठे चुकतंय का, अडकतंय का. श्वास चालू होता.

"बाबा," ती म्हणाली, "ते मेसेज तुम्ही लिहीत होता?"

"हो."

"सगळे?"

"सगळे."

तिने खाली बघितलं. ती आता रागावेल, असं त्यांना वाटलं, आणि ते त्याला तयार होते. पण ती रागावली नाही. ती म्हणाली, "मग आईचा शेवटचा कुठला?"

पंपवाल्यांना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. त्यांनी आपला फोन मावशींच्या हाती दिला, बायकोचा फोन खिशातून काढला आणि मागे मागे जायला लागले. त्यांचंच लिहिलेलं बोटाखालून सरकत होतं. पाणी पी. वेळेवर झोप. मी बरी आहे. काळजी करू नकोस. मी बरी आहे. मी बरी आहे. तीन महिने सरकायला फार वेळ लागला. मग पाच तारीख आली, झटका आला तो दिवस, दुपारचे सव्वादोन. "दारावर कोणीतरी आलंय," बायकोने लिहिलं होतं. "नंतर बोलते."

दारावर ते स्वतःच आले होते. त्या दिवशी किल्ली विसरले होते.

"सापडला," ते म्हणाले. "वाचून दाखवू?"

"नको," लेक म्हणाली. "मला बघू दे."

मावशींनी धरलेल्या फोनसमोर त्यांनी बायकोचा फोन उभा धरला. अक्षरं लेकीला दिसेनात, कारण त्यांचा हात हलत होता. त्यांनी दुसरा हात लावून बघितला, तोही हलत होता. तेव्हा बायकोने डावा हात पुढे केला आणि त्यांचं मनगट घट्ट धरलं. लेकीचं वाचून होईपर्यंत तिने ते सोडलं नाही.