हिरव्या तुती

जे लोक फार बोलत नाहीत, त्यांच्या हातांना काही ना काही काम लागते. माझ्या हातांना उन्हाळ्याच्या तोंडावर तुतीचा रस काढायचे काम लागते, आणि ते मला उत्तम येते. एवढी एकच गोष्ट मी कुणाहीपुढे मान वर करून सांगू शकतो.

तुतीचे झाड आमच्या अंगणात आहे. अंगणात दोन दारे उघडतात. एक माझे आणि ताईचे, दुसरे कांजीकाकूंचे. काकूंची लाँड्री आहे. लोकांच्या कॉलरींना त्या जितकी कांजी घालतात तितकीच स्वतःच्या बोलण्याला, म्हणून हे नाव. त्यांना ते ठाऊक आहे आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. तक्रार आहे ती झाडाबद्दल. त्यांच्या वाळवणाच्या दोऱ्या त्याच्या फांद्यांखालून जातात, आणि पिकलेली तुती काही पांढरा कपडा पाहून बाजूला पडत नाही. यंदा त्यांनी घरमालकांना गाठले. घरमालकांनी हात झटकले: काकू म्हणतील तसे. काकू म्हणाल्या, तोडा. लाकूडतोड्या उद्या सकाळी यायचा होता.

त्यातच ताईची बदली झाली. घरात पाऊल टाकायला जागा नव्हती, इतकी खोकी. ती गेल्यावर माझ्याशी बोलणारे कुणी उरणार नव्हते. झाडही गेले, तर ज्याच्याजवळ मी न बोलता बसू शकतो तेही उरणार नव्हते.

“काकूंना तू सांग ना,” मी ताईला म्हणालो.

“मी का? मी परवा गाडीत बसणार. पुढे काय करशील, बोलायला पगारी माणूस ठेवशील?” तिने खोक्यावर चिकटपट्टी ओढली आणि दाताने तोडली. “संध्याकाळी रस प्यायला बोलावलंय मी त्यांना. त्यापुढचं तुझं तू.”

“येतील?”

“येतील. फुकटचं त्या सोडत नाहीत. आणि इतकी वर्षं नुसते डाग बघितलेत त्यांनी, चव कुठे बघितलीय?”

त्या दुपारी मी निर्धास्त होतो. फळ कसे निवडायचे हे मला कुणी शिकवायला नको. काळेभोर झालेले, नुसते बोट लागताच देठासकट फांदी सोडणारे, तेच पातेल्यात. पाण्यातून हळूच काढावे, कारण तुतीला नळाची धार सोसत नाही. देठ कात्रीने कापावेत. मग बोटांनी कुस्करून थोडी साखर, मिठाची चिमूट, आणि झाकण ठेवून शांत बसावे. या बसण्यातच खरे काम होते. फळ आपला रस आपणहून सोडू लागते, जसे एखादे अबोल माणूस, कुणी विचारले नाही तरच, मनातले सांगू लागते.

गाळायला कपडा हवा होता. दोरीच्या आमच्या बाजूच्या टोकाला एक पांढरा चौकोन वाळत होता. मी तो काढला, पातेल्यातला लगदा त्यात ओतला, गाठ मारली आणि गाठोडे नळाला टांगले. खाली भांडे. तुती पिळायची नसते; पिळली की बियांचा तुरटपणा उतरतो. थेंब पडत राहिले. एकेक थेंब काळा सुटे आणि भांड्यात पडताच लाल होई. इतका सुंदर रस मी यापूर्वी काढला नव्हता, याची मला खात्री होती.

गाठ सोडताना कपड्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचे दोन टाके दिसले.

हे आमच्याच घरात घडू शकते. आमचे पंचे, गाळणी, उशांचे अभ्रे काकू आपल्या कपड्यांबरोबरच धुतात, त्याच कांजीत बुडवतात आणि त्याच दोरीवर टाकतात. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरातले फडकेसुद्धा मोठ्या हॉटेलातून आल्यासारखे दिसते. आणि हे खरोखरच मोठ्या हॉटेलचे होते. लाल टाके ही काकूंनी त्या गिऱ्हाइकासाठी घातलेली खूण. आमचा कपडा त्यांनी सकाळीच काढून दाराशी ठेवला होता.

ताईने माझ्या खांद्यावरून पाहिले. “हॉटेलचा नॅपकिन.”

“हो.”

“त्यांचा माणूस आज संध्याकाळी न्यायला येतो.”

“हो.”

“झाड वाचवायला निघाला होतास ना? आता आधी स्वतः कसा वाचतोस ते बघ.” आणि लगेच तिने पाणी तापत ठेवायला भांडे उचलले.

“गरम नको,” मी म्हणालो. “गरम पाण्यानं डाग कपड्यात घर करतो.”

ती थांबली. माझ्या आवाजातल्या ठामपणाचे तिला नवल वाटले असावे. मला तर वाटलेच. पण हे मला माहीत होते. लहानपणी आई आमचे जांभळे हात हिरव्या तुतींनी चोळून द्यायची, आणि हात पुन्हा हातांच्या रंगाचे होत. काट्याने काटा काढतात. हे झाड आपल्या पिकल्या फळांचा डाग आपल्याच कच्च्या फळांनी काढते.

शिडी लावली. हिरवी, टणक फळे ओंजळभर तोडली, वरवंट्याने ठेचली आणि तो आंबट चोथा कपड्यावर चोळत गेलो. थंड पाणी, पुन्हा चोथा, पुन्हा पाणी. जांभळ्याचा राखाडी झाला. राखाडी विरत विरत मळभासारखा उरला, मग तोही गेला. मी तो कपडा उन्हात धरून उभा असतानाच काकूंचे दार उघडले. त्या ठरल्या वेळेआधीच आल्या होत्या.

“माझा नॅपकिन तुझ्या हातात काय करतोय?”

ताईने माझ्याकडे पाहिले आणि मुद्दाम एका खोक्याची चिकटपट्टी तपासू लागली.

“मी त्यातून रस गाळला,” मी म्हणालो. “आमचा समजून. मग धुतला.”

काकूंनी कपडा घेतला. उजेडासमोर ताणला, वास घेतला, शिवण नखाने उलटून पाहिली. मी नजर खाली घातली नाही.

“साबण?”

“नाही.”

“लिंबू?”

“नाही. हिरव्या तुती. याच झाडाच्या.”

त्यांनी मान वर करून फांद्यांकडे पाहिले. “आणि हे मला आज सांगतोस. इतकी वर्षं मी चादरी घासतेय.”

“तुम्ही विचारलं नाहीत. आणि मी बोललो नाही.”

“तो कुणाशीच बोलत नाही, काकू,” ताई म्हणाली. “मनाला लावून घेऊ नका.”

मी पेला भरून त्यांच्या हातात दिला. हात रिकामे झाल्यावर बोलण्यावाचून मला काही उरले नाही. “झाड ठेवा, काकू. तुमच्या दोऱ्या मी आजच भिंतीकडे सरकवतो. फळं गळतात तोवर फांद्यांखाली जुनी चादर बांधीन. हिरव्या तुती लागतील तेवढ्या तोडून देईन. पण ते ठेवा. ताई जातेय.”

“ताई जातेय त्याचा झाडाशी काय संबंध?”

“अंगणात कुणीतरी असावं.”

काकूंनी एक घोट घेतला. मग दुसरा. “साखर कमी पडलीय.”

“नाही पडली,” मी म्हणालो. “तुतीला एवढीच लागते.”

ताईने ओठ दाबले. काकूंनी पेला तळापर्यंत संपवला आणि कपड्यापासून दूर, पायरीच्या दगडावर ठेवला. “शिवणीत एक सावली राहिलीय. ती मी काढते, तुला जमायची नाही. दे मूठभर हिरव्या.” मी दिल्या. दारापाशी जाऊन त्या वळल्या. “त्या लाकूडतोड्याला मी बोलावलं. परत पाठवायचं काम तुझं. मी मध्ये पडणार नाही.”

सकाळी तो आला तेव्हा दोऱ्या भिंतीलगत गेल्या होत्या आणि फांद्यांखाली चादर ताणलेली होती. कुऱ्हाड खांद्यावरून उतरवत त्याने विचारले, “हेच का झाड?”

“हेच,” मी म्हणालो. “पण ते राहणार आहे. तुम्ही बसा. रस काढलाय, तो पिऊन जा.”